कोल्ड्रिंकच्या एका कॅनमध्ये किती फोन चार्ज होतात?

हेडफोन लावलेत ना? लोकलमध्ये उभे असाल तर दांडा नीट धरा, कारण आज थोडी आकडेमोड आहे. सोपी आहे, घाबरू नका.

तर झालं असं, मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीत क्रिकेटची टूर्नामेंट होती. फायनल संपली, फोटो झाले, सगळे घरी गेले आणि पार्किंगमध्ये उरले कोल्ड्रिंकचे रिकामे कॅन. मी आणि माझ्या धाकट्या भावाने ते गोणीत भरले आणि कोपऱ्यावरच्या भंगारवाल्या काकांकडे नेले. काकांनी कॅन जमिनीवर ओतले आणि एक लोहचुंबक त्यांच्यावरून फिरवला. मध्येच एक फळांचा डबा चिकटला, तो त्यांनी बाजूला फेकला.

"हा पत्रा. बाकी सगळं जर्मन आहे," काका म्हणाले.

जर्मन? मला वाटलं कंपनी जर्मन असेल. घरी येऊन आजीला सांगितलं तर ती हसायलाच लागली. "अरे, आपलं भाताचं जुनं पातेलं जर्मनचंच की!" म्हणजे ॲल्युमिनियम. हे नाव कुठून आलं ते शोधत बसलो तर वेगळा एपिसोड होईल. आज प्रश्न दुसरा आहे: काकांना या हलक्याफुलक्या कॅनमध्ये एवढा रस का? काच घ्यायला ते कुरकुरतात, मग जर्मन बघून खूश का होतात?

एका कॅनचं वजन साधारण १४ ग्रॅम. म्हणजे किलोभर व्हायला सत्तरेक कॅन लागतात. आता हे १४ ग्रॅम येतात कुठून ते बघू.

पृथ्वीच्या कवचात सगळ्यात जास्त असलेला धातू म्हणजे ॲल्युमिनियम. लोखंडापेक्षाही जास्त! पण तो निसर्गात सुटा सापडत नाही. ऑक्सिजनला असा घट्ट धरून बसलेला असतो की सोडवता सोडवत नाही. म्हणून एकेकाळी तो भलताच महाग होता. १८८४ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर बसवायला ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा निवडला होता. आज आपण त्याच धातूत पोळ्या गुंडाळतो.

हा बदल झाला १८८६ मध्ये. अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू, दोघांनी एकमेकांना न ओळखता एकच पद्धत शोधली. दोघांचाही जन्म १८६३ चा, म्हणजे तेव्हा वय बावीस-तेवीस. तुमच्या-माझ्या वयाची पोरं! पद्धत अशी: बॉक्साइटच्या दगडातून अॅल्युमिना नावाची पांढरी पूड काढायची, ती क्रायोलाइट नावाच्या वितळलेल्या क्षारात साधारण ९५० अंशांवर विरघळवायची आणि त्यातून विजेचा जबरदस्त प्रवाह सोडायचा. ऑक्सिजन सुटतो, धातू तळाशी बसतो. आजही जगभर हेच करतात.

गोम आहे ती या विजेत. एक किलो ॲल्युमिनियम बनवायला साधारण १४ युनिट वीज लागते. आता आपला कॅन घ्या. १४ ग्रॅमला झाले सुमारे ०.२ युनिट, म्हणजे २०० वॉट-तास. तुमच्या हातातल्या ५००० एमएएचच्या फोनची बॅटरी साधारण १९ वॉट-तासांची असते. करा भागाकार. एका कॅनमागे दहा फोन! दोन मिनिटांत पिऊन फेकलेला कॅन म्हणजे दहा वेळा फुल चार्ज.

आणि आपल्याकडे ही वीज बहुतेक कोळशातून येते. ओडिशात अंगुळला नाल्कोचा कारखाना आहे, त्याच्यासाठी कोळशावर चालणारं स्वतंत्र वीजकेंद्रच उभारलंय. कोळशाच्या विजेवर एक टन धातू बनवला, तर दहा टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

बरं, विजेच्या आधी दगड येतो. एक टन ॲल्युमिनियमसाठी चार-पाच टन बॉक्साइट खणावा लागतो. उरतो तो लाल चिखल, तोही अल्कलीने भरलेला. २०१० मध्ये हंगेरीत आयका इथल्या कारखान्याच्या तलावाची भिंत फुटली, हा चिखल गावांत घुसला आणि दहा माणसं गेली.

आणि बॉक्साइट असतो कुठे? बऱ्याचदा डोंगरमाथ्यावर, जंगलाखाली. आपल्या कोल्हापूर-रत्नागिरीच्या पठारांवर आहे. ओडिशातल्या नियमगिरीवर आहे. नियमगिरी म्हणजे डोंगरिया कोंध लोकांचा देव, नियम राजा. तिथे खाण होणार होती. १८ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, गावांना विचारा. बारा ग्रामसभा झाल्या आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नाही म्हटलं. डोंगर वाचला. पण मागणी कमी झाली नाही, म्हणजे कुठला तरी दुसरा डोंगर रांगेत आहेच.

आता भंगारवाल्या काकांकडे परत या. जुना कॅन वितळवायला ऑक्सिजनशी मारामारी करावी लागत नाही, ती एकदा झालेली असते. ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळतो. तेवढी उष्णता दिली की काम झालं. नव्या धातूच्या तुलनेत ऊर्जा लागते फक्त पाच टक्के. पंचाण्णव टक्के बचत! म्हणून भंगारातही त्याला भाव आहे.

मग खाणी बंद करून टाकू की? इथे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं: नाही जमणार. आजवर बनलेल्या ॲल्युमिनियमपैकी पाऊण भाग अजून वापरात आहे, असा अंदाज आहे. खिडक्यांत, वीजवाहक तारांमध्ये, गाड्यांत, विमानांत. तो वितळवायला मिळणारच नाही अजून. शिवाय सगळं भंगार एकत्र झालं की त्यात सिलिकॉन, लोखंड, मॅग्नेशियम मिसळतं. अशा धातूपासून परत कॅन होत नाही, गाड्यांच्या इंजिनाचे भाग मात्र छान होतात. म्हणूनच वेगळं करणं महत्त्वाचं. काकांचा तो लोहचुंबक म्हणजे अख्ख्या साखळीतलं पहिलं क्वालिटी कंट्रोल आहे!

तर आपण काय करायचं? तीनच गोष्टी.

एक, कॅन ओल्या कचऱ्यात टाकू नका. पाण्याने विसळा, निथळू द्या, वेगळ्या पिशवीत साठवा. ओला कॅन भट्टीत गेला तर वितळलेला धातू उडतो आणि भाजतं ते तिथे उभ्या माणसाला.

दोन, फॉइल पुसून त्याचा मोठा गोळा करा. सुटं पातळ फॉइल भट्टीत बरंचसं जळूनच जातं.

तीन, चिप्सचं पाकीट चुरगळून बघा. परत उलगडलं तर ते प्लास्टिक, चमकतं म्हणून फसू नका. चुरगळलेलं तसंच राहिलं तर बहुतेक फॉइल.

आमच्या गोणीचे पैसे किती आले? दोघांचा वडापाव आणि कटिंग निघालं, बस्स. निघताना मी विचारलं, "काका, हे पुढे कुठे जातं?" ते म्हणाले, "मोठ्या गोदामात, मग भट्टीत. पण दादा, तुम्ही आणलंत तसं कोरडं कुणी देत नाही. आमची पोरं कचऱ्यात हात घालून काढतात."

हे वाक्य मला विजेच्या सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त लागलं. आपण पिशवी वेगळी ठेवली तर वीज वाचेल, डोंगरावरचा ताण थोडा हलका होईल, ते आहेच. पण आजच्या आज एका माणसाचा हात घाणीतून बाहेर राहील.

तुमच्या घरात जर्मनचं एखादं पातेलं आहे का? त्याची गोष्ट व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या वेळी ऐकवतो. तोवर काळजी घ्या, आणि हो, तो कॅन फेकू नका. भेटूच!