एजवुडची घरपट्टी

अमेरिकेतलं उपनगरी सरकारी हायस्कूल म्हटलं की शुक्रवारची फुटबॉल मॅच, शाळेचा बँड, पालकांनी भरलेलं मैदान आठवतं. वस्तीचा अभिमान शाळेभोवती गोळा होतो, हे खरंच आहे. पण शाळेच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक घरपट्टीतून निघत असल्याने हा आपलेपणा शेजारच्या मुलांना महागात पडू शकतो. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत १६ मे १९६८ रोजी एजवुड हायस्कूलचे सुमारे ४०० विद्यार्थी पडकी इमारत आणि अपुऱ्या पात्रतेच्या शिक्षकांविरुद्ध वर्ग सोडून बाहेर पडले. त्या वर्षी एजवुड शाळा-विभागात दर विद्यार्थ्यामागे ३५६ डॉलर खर्च होत, तर त्याच महानगरातल्या श्रीमंत अलामो हाइट्समध्ये ५९४. आणि गंमत अशी, की कराचा दर एजवुडचाच जास्त होता: शंभर डॉलरांच्या मालमत्तेवर १.०५, तर अलामो हाइट्समध्ये ०.८५.

‘ज्याचा पैसा, त्याचा कारभार’ या युक्तिवादात तथ्य आहे. लोकांचा शाळेवरचा जीव त्यातूनच टिकतो. एजवुडचा प्रश्न कोर्टात गेला तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी हीच पद्धत उचलून धरली. मात्र घरंच स्वस्त असतील तर कर वाढवून हाती काय येणार? पैशाने शिक्षण सुधारत नाही म्हणावं, तर श्रीमंत वस्त्यांनी तो वाटून घ्यायला हरकत नसावी. अखेर १९८९ मध्ये टेक्सासच्याच सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत एकमताने टेक्सास राज्याच्या घटनेविरुद्ध ठरवली. १९६८ ची मुलं तोवर कधीच शाळेबाहेर पडली होती.