शहराचे गाऱ्हाणे सरकारदरबारी कोण नेतो?

बालमित्रांनो, आणि त्यांच्या खांद्यावरून हे पान वाचणाऱ्या आईबाबांनो,

आंग मो किओमधल्या आपल्या ब्लॉकच्या लिफ्टपाशी एक सूचनाफलक असतो. टाकी धुण्याची तारीख, रंगकामाची सूचना असे काहीबाही त्यावर लागते आणि खाली टाउन कौन्सिलचे नाव असते. जिने झाडणे, दिवे बदलणे, लिफ्ट चालू ठेवणे ही कौन्सिलची कामे. पण नवी शाळा हवी असेल, किंवा मोठ्या दुरुस्तीला सरकारी पैसा हवा असेल, तर ते कौन्सिलच्या हातात नाही. त्यासाठी सरकारकडे जावे लागते. मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे : पाठपुरावा. एकदा मागून गप्प न बसता, काम होईपर्यंत मागे लागणे. जगात पुष्कळ शहरे या कामासाठी पगारी माणसे ठेवतात. कुठला नवा कायदा येतो आहे, त्याने आपल्या शहराचे काय होईल, हे ती वाचतात आणि वेळीच सरकारशी बोलतात.

सिंगापुरात अशी माणसे फारशी दिसत नाहीत, आणि त्याचे कारण आपल्याच आंग मो किओत सापडते. पूर्वी सगळ्या वसाहतींची देखभाल एचडीबीच करी. १९८६ मध्ये प्रयोग म्हणून पहिली तीन टाउन कौन्सिले सुरू झाली, ती तिन्ही आंग मो किओत. १९८८ मध्ये त्यासाठी कायदा झाला आणि मग ही पद्धत देशभर गेली. कौन्सिल चालवतात ते निवडून आलेले खासदारच. म्हणजे जो माणूस सकाळी आपल्या लिफ्टचा हिशोब बघतो, तोच दुपारी संसदेत बसून कायद्यावर मत देतो. २००४ ते २०२४ या काळात पंतप्रधान असलेले ली सिएन लूंगही १९९१ पासून आंग मो किओ मतदारसंघातूनच निवडून येत आहेत. मधे निरोप्या कशाला लागेल?

लिफ्टचेच उदाहरण घ्या. जुन्या ब्लॉकमधल्या लिफ्ट ठरावीक मजल्यांवरच थांबत. पाय दुखणाऱ्या आजोबांना मग एकदोन मजले जिन्याने जावे लागे. २००१ मध्ये सरकारने लिफ्ट सुधारण्याची योजना आणली. बराचसा खर्च सरकारचा, बाकीचा टाउन कौन्सिलचा आणि घरमालकांचा, आणि ब्लॉकमधल्या मतदानाचा हक्क असलेल्या घरांपैकी ७५ टक्क्यांनी 'हो' म्हटले तरच काम सुरू. शिवाय खासदार आठवड्यातून एकदा संध्याकाळी रहिवाशांना भेटतात. तक्रार ऐकून तिथेच पत्र लिहिले जाते आणि ते योग्य खात्याकडे जाते. तुमच्या शेजारच्या आजी तिथे जाऊन आल्या असतील, विचारून पाहा. पाठपुरावा असाच, एका पत्रापासून, सुरू होतो.

आता सुट्टीत आपण जातो त्या मुंबईकडे येऊ. तिथे महापालिकेत बसतात नगरसेवक, आणि कायदे करतात विधिमंडळातले आमदार. दोन वेगळी घरे. महापालिका बस चालवते, रुग्णालये चालवते, पाणी पुरवते, पण ती चालते १८८८ च्या कायद्याने, आणि त्यातला एक शब्दही तिला स्वतः बदलता येत नाही. तो अधिकार राज्याचा. गंमत अशी, की हा कायदा घडला तेव्हा फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे महापालिकेतही होते आणि त्या वेळच्या मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळातही. महापालिकेचे अधिकार शाबूत राहावेत म्हणून ते तिथे भांडले. आंग मो किओच्या खासदारांसारखीच त्यांचीही बसण्याची जागा दोन ठिकाणी होती! मेहतांचा पुतळा आजही महापालिकेच्या इमारतीसमोर उभा आहे.

आजच्या मुंबईला पाठपुरावा किती लागतो हे एका गोष्टीवरून कळेल. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ करू, असे वचन २०१७ च्या महापालिका निवडणुकीत दिले गेले. त्याच वर्षी महापालिकेने तसा ठराव केला. पण ठराव म्हणजे कायदा नव्हे. ठराव आयुक्तांकडे, तिथून मंत्रालयात नगरविकास खात्याकडे, मग विधी व न्याय विभागाकडे, मग मंत्रिमंडळापुढे आणि शेवटी विधिमंडळात, असा प्रवास असतो. २०१९ मध्ये कायदा बदलला, पण फक्त 'सर्वसाधारण करा'पुरता. मालमत्ता कराच्या बिलात पाणी, मलनिःसारण, शिक्षण, झाडे, रस्ते अशा कितीतरी ओळी असतात. त्यातली एक ओळ गेली, बाकीच्या राहिल्या. लोक म्हणाले, ही कसली माफी? पुरती माफी द्यायचा निर्णय जानेवारी २०२२ मध्ये झाला. एका ठरावाला पाच वर्षे! (अशी माफी शहराच्या तिजोरीला परवडते का, हा वाद वेगळा, आणि तो आईबाबांनी जेवताना घालावा.)

जकातीच्या वेळी मात्र शहर वेळेवर जागे झाले असे आम्हांला वाटते. जकात म्हणजे शहराच्या वेशीवर येणाऱ्या मालावरचा कर. दहिसर-मुलुंडच्या नाक्यांवरच्या ट्रकच्या रांगा पालकांना आठवत असतील. त्यातून मुंबईला वर्षाला सात हजार कोटी रुपयांच्या घरात उत्पन्न मिळे. १ जुलै २०१७ ला देशभर जीएसटी आला आणि जकात बंद झाली. उद्या राज्याने पैसे दिले नाहीत तर कचरा कोण उचलणार? म्हणून नुसत्या आश्वासनावर न थांबता भरपाई कायद्यातच लिहून घेतली गेली. मे २०१७ च्या विशेष अधिवेशनात तो कायदा झाला : २०१६-१७ चे उत्पन्न पाया धरून दरवर्षी ८ टक्के वाढ, आणि पैसे दर महिन्याला. पहिला ६४७ कोटींचा धनादेश जुलैच्या पहिल्याच आठवड्यात महापालिकेला मिळाला. यातला '८' हा आकडा आणि 'दर महिन्याला' हे दोन शब्द नीट पाहा. असे शब्द मसुद्यात बसवणे हेच या कामातले खरे कसब. आकडेमोड आणि व्याकरण दोन्ही पक्के लागते, असे कंटाळा करणाऱ्यांना आम्ही मुद्दाम सांगतो.

महाराष्ट्रात शहरांना आणखी एक वाट आहे. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी २२ जागांवरचे आमदार नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य वगैरे मंडळी निवडून देतात, म्हणजे गावाशहरांचा स्वतःचा माणूस वरच्या सभागृहात. पण ही वाट मधे बरीच वर्षे अडली. २०२२ पासून बहुतेक महापालिकांच्या निवडणुका लांबल्या, नगरसेवकच उरले नाहीत, त्यामुळे यांतल्या बऱ्याच जागा रिकाम्या पडल्या. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासक म्हणून आयुक्तांकडे गेला. आयुक्तांना नेमते राज्य सरकार. मग राज्याकडे शहराच्या वतीने मागायचे कोणी, आणि 'नाही' म्हटल्यावर पुन्हा जायचे कोणी? जवळजवळ चार वर्षे या प्रश्नाला धड उत्तर नव्हते. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली आणि मुंबईला २२७ नगरसेवक पुन्हा मिळाले.