मूठ मिटली तरी वेग उतरेना

तीस वर्षें मुलांकडून शब्दरूपें व धातुरूपें घोकून घेतलेल्या मास्तरानें मोटारसायकलच्या दुखण्यावर लेख लिहावा, हें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु सेवानिवृत्तीनंतर माणसाच्या हातीं वेळ बराच असतो, आणि माझ्या बाबतींत त्या वेळाबरोबर एक जुनी बुलेटहि आहे. गेल्या हिवाळ्यांत तिला एक विलक्षण विकार जडला. मूठ मिटली तरी यंत्राचा वेग उतरेना. वडिलांची आठवण म्हणून अशी एखादी गाडी दारांत उभी आहे, अशीं घरें आपल्या वाचकवर्गांत थोडीं नसावींत. त्यांच्या उपयोगीं पडेल म्हणून ही हकीकत सांगतों.

गाडी १९७६ सालची. बुलेट मूळची विलायतेची. १९५५ सालीं मद्रासेस तिची कंपनी निघाली, आणि पुढें विलायतेंत ती बंद पडल्यावरहि आपल्याकडे निघतच राहिली. सिलिंडर एकच, ३४६ घनसेंटिमीटरांचा. व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धांव ९० मिलिमीटर. व्यासापेक्षां धांव मोठी आणि गतिचक्र चांगलें जड, म्हणून तिचा तो ठाय लयींतला आवाज. हें जड चक्र येथें लक्षांत ठेवावयास पाहिजे. कारण निरोगी बुलेटहि मूठ सोडतांक्षणींच शांत होत नाहीं; एखाददुसरा सेकंद ती रेंगाळतेच. तो तिचा स्वभाव, विकार नव्हे. माझी गाडी मात्र पांचपांच, सहासहा सेकंद अर्ध्यावर अडून राही आणि मग एकाएकीं खालीं येई. कधीं तर येईच ना.

मार्गशीर्षांत नातवास मागें बसवून कासहून साताऱ्यास परत येत होतों. यवतेश्वराच्या घाटांत शिरतांना नेहमींप्रमाणें गियर खालीं घेतला व मूठ मिटली. उतारावर यंत्रानेंच गाडीस मागें ओढून धरावें, ही अपेक्षा. तें उलट पुढें ढकलूं लागलें. समोर वळण, वळणावरून येणारी एस्. टी., आणि ब्रेक तापून निर्जीव झालेला. क्लच दाबला तों यंत्र मोठ्यानें ओरडूं लागलें. शेवटीं किल्ली फिरवून तें बंद केलें व गाडी कठड्यालगत कशीबशी उभी केली. इजा कोणासहि झाली नाहीं. नातवास तर मोठीच गंमत वाटली, आणि घरीं पोंचतांच त्यानें ती आजीस साद्यंत सांगितली.

“अहो, गाडी नीट तरी करा, नाहीं तर पाडव्याच्या आंत विकून तरी टाका,” आमच्या मंडळींनीं निकाल दिला. “मुलाला पुन्हां तिच्यावर बसवाल तर माझी शपथ आहे.”

दोन मिस्त्री झाले. मूठ पुरती मिटली असतां यंत्राची जी मंद चाल राहते, तिला हे लोक ‘स्लो’ म्हणतात. पहिल्यानें स्लोचा स्क्रू सोडून ती चाल खालीं आणली. परिणाम असा कीं, गाडी चौकाचौकांत बंद पडूं लागली आणि रेंगाळणें होतें तसेंच राहिलें. दुसरा अधिक उत्साही. त्यानें एका सकाळींत प्लग, पॉइंट व कंडेन्सर बदलले, टायमिंग हलविलें, मिक्श्चरचा स्क्रूहि फिरविला. गाडी दोन दिवस बरी चालली. तिसऱ्या दिवशीं पूर्वपदावर. त्या पांच उपायांपैकीं कोणत्या उपायानें दोन दिवस गुण आला, हें त्यास सांगतां येईना आणि मलाहि समजेना.

येथें माझें जुनें अध्ययन उपयोगीं पडलें. न्यायशास्त्रांत कारण ठरविण्याची रीत अन्वय-व्यतिरेकाची आहे. अमुक गोष्ट असतां कार्य होतें हें पाहावयाचें, आणि ती काढून घेतली असतां कार्य होत नाहीं हेंहि पाहावयाचें. पांच गोष्टी एकदम बदलल्या कीं दोन्हीहि परीक्षा बुडाल्या. शिवाय नैयायिकांचें तें कुंभाराचें गाढव आहेच. माती त्याच्या पाठीवरून येते, पण म्हणून कोणी त्यास घटाचें कारण म्हणत नाहीं. माझा नवा कंडेन्सर हें तसलेंच एक गाढव निघालें. मीं एक वही घातली, आणि एका वेळीं एकच गोष्ट करून तिचा परिणाम लिहून ठेवावयाचा, असा नेम केला.

प्रथम तार. यंत्र मंद चालत असतां हँडल पूर्ण डावीकडे व पूर्ण उजवीकडे वळवून पाहिलें. चाल बदलली नाहीं. बदलली असती, तर तार आखूड पडते असें समजावें. मुठीस दोनतीन मिलिमीटर ढील असावी, होती. यंत्र बंद करून मूठ उघडली व एकदम सोडली, तेव्हां कार्बोरेटरमधली स्लाइड, म्हणजे हवेच्या वाटेवर वरखालीं होणारा पडदा, तळास बसल्याचा ‘टक्’ आवाज स्वच्छ आला. तार निर्दोष.

मग ठिणगी. पॉइंट उघडणाऱ्या कॅमच्या खालीं स्प्रिंगांनीं बांधलेलीं दोन लहान वजनें असतात. चाल वाढली कीं तीं बाहेर फांकतात व ठिणगी लवकर पडूं लागते. चाल उतरली कीं स्प्रिंगा त्यांस आंत ओढून घेतात. स्प्रिंगा सैल पडल्या किंवा वजनें गंजून अडकलीं, तर ठिणगी लवकरच पडत राहते आणि वेग उतरत नाहीं. बाहेरून हा विकार हुबेहूब माझ्या गाडीच्या विकारासारखा दिसतो, म्हणून माझा मुख्य संशय येथेंच होता. झांकण काढून कॅम बोटांनीं फिरविला व सोडला. तो चटकन् मागें गेला. पॉइंटची फटहि ०.३५ ते ०.४० मिलिमीटरांच्या आंतच होती.

उरलें मिश्रण. गाडी रेंगाळत असतांनाच चोक अर्धा लावला, आणि चाल तत्काळ खालीं आली! चोक पेट्रोलचें प्रमाण वाढवितो. त्यानें गुण आला, तेव्हां मिश्रणांत हवा अधिक व पेट्रोल कमी आहे हें ठरलें. पण कशामुळें? मंद चालीचा बारीक जेट तुंबला असेल. तो काढून फुंकून साफ केला, त्या दिवशीं दुसरें कांहीं केलें नाहीं, फरक शून्य. पेट्रोलांत हल्लीं इथेनॉल असतें, व २०२५ सालीं आपल्या देशांत तें प्रमाण २० टक्क्यांवर पोंचलें. इथेनॉलमध्यें प्राणवायु मुळांतच असल्यामुळें जुन्या कार्बोरेटरचें मिश्रण त्यानें कांहींसें पातळ होतें, हें खरें. जुन्या रबरासहि तें मानवत नाहीं. परंतु त्याच पंपावर पेट्रोल भरणारी आमच्या आळींतली दुसरी बुलेट उत्तम चालते. तेवढ्यानें उलगडा होईना.

तिसरी शक्यता चोरवाटेची. मूठ उघडी असतां स्लाइडखालून हवा भरपूर जाते, आणि एखाद्या फटींतून शिरणारी चिमूटभर हवा जाणवतहि नाहीं. स्लाइड मिटली म्हणजे मुख्य वाट बंद होते, दट्ट्याची ओढ मात्र कायम असते, आणि ती सारी त्या फटीवर येते. यंत्रास मुठीनें न दिलेली हवा मिळत राहते. त्यांत मीं आणखी एक घोळ घातला होता. गाडी चौकांत बंद पडूं नये म्हणून स्लो पुन्हां वाढवून ठेवली होती. त्यामुळें तीं दोन वजनें मंद चालींतहि अर्धवट फांकलेलीं राहात, व रेंगाळण्यास त्यांचाहि हातभार लागे.

फट शोधण्यासाठीं कांहीं लोक जोडावर पेट्रोल फवारतात. कोणीं चुकूनहि तसें करूं नये. भडका उडावयास वेळ लागत नाहीं. इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारण्याची बाटली पुरते. यंत्र फार तापण्यापूर्वीं एकेका जोडावर बेताचें पाणी मारावें. माझा एक हात मुठीवर व कान यंत्राकडे, म्हणून बाटली मंडळींच्या हातीं दिली. कार्बोरेटर व सिलिंडरहेड यांच्या जोडावर त्यांनीं पाणी मारलें आणि यंत्र अडखळलें. “हें काय, ठसका लागल्यासारखा आवाज झाला,” माझ्याआधीं त्याच म्हणाल्या. तीनदां पाहिलें, तीनदां तोच ठसका. अन्यत्र कोठेंहि नाहीं.

कार्बोरेटर उतरविला. आंतली रबरी कडी वाळून कडक झालेली होती, पण ती दुय्यम गोष्ट. फ्लँजच्या तोंडावर पोलादी पट्टी उभी धरून उजेडाकडे पाहिलें, तों मध्यभागीं प्रकाशाची बारीक कोर दिसली. दोन्ही बाजूंचे नट फाजील आवळल्यामुळें फ्लँजचे कान पुढें ओढले गेले होते व तोंडास बांक आला होता. हे नट आवळले कोणीं? दोन्ही मिस्त्र्यांवर मनांत ठपका ठेवून झाला होता. पण त्यांच्यापूर्वीं कित्येक वर्षें दर रविवारीं ‘सैल नसावेत’ म्हणून पाना घेऊन ते पिळणारा मीच. मंडळींस तें सांगितलें. त्या कांहींच बोलल्या नाहींत, हें अधिक लागलें.

उपाय सोपा आहे. जाड सपाट काचेवर बारीक पॉलिशपेपर पसरून त्यावर तेलाचे चार थेंब टाकले, आणि फ्लँजचें तोंड मराठी चारच्या आंकड्यासारखें वळण देत हलक्या हातानें घांसलें. सुमारें तासाभरानें सर्व पृष्ठ एकसारखें उजळलें व पट्टीखालची कोर नाहींशी झाली. नवी रबरी कडी बसविली. नट आळीपाळीनें थोडेथोडे फिरवून बेतानें आवळले. मग यंत्र पुरतें तापवून स्लो पूर्ववत् खालीं घेतली, व मिक्श्चरचा स्क्रू आंतबाहेर करून चाल सर्वांत स्थिर ठरली तेथें सोडला. मूठ उघडून मिटली. दीड सेकंदांत गाडी आपल्या ठाय लयीवर आली. पाणी फवारलें, ठसका नाहीं. वहींत व्यतिरेकाची नोंद केली.

पाडव्यापूर्वीं एक गृहस्थ गाडी पाहावयास आले. किंमत बरी देत होते. मंडळींनीं त्यांस चहा दिला, आणि गाडी विकावयाची नाहीं असें माझ्या अगोदरच सांगून टाकलें. नातवास घाटांत नेण्याची परवानगी मात्र अद्याप मिळालेली नाहीं. राजवाड्यापर्यंत जाऊन येतों, तेवढेंच. काल ते नट पाहिले. डावा किंचित् सैल होता. पाव फेरा दिला आणि पाना खालीं ठेवला.