एंजिनाचा श्वास आणि त्यातील खळबळ

मोटार, मालमोटार, शेतावरचा डिझेल पंप ही सारी ज्या यंत्रावर चालतात त्यास अंतर्ज्वलन एंजिन म्हणतात. त्यात जळणाऱ्या तेलाविषयी आपण पुष्कळ बोलतो. भाव वाढला म्हणजे तर अधिकच बोलतो. परंतु एक किलो पेट्रोल नीट जळावयास सुमारे 15 किलो हवा लागते, आणि ही हवा फुकट मिळत असल्यामुळे तिचा विचार सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः ही हवा आत कशी शिरते, यावरच एंजिनाचे बरेचसे भवितव्य अवलंबून आहे. आज आम्ही त्याविषयीच चार गोष्टी सांगणार आहोत.

प्रथम थोडा हिशेब करू. मिनिटास 3,000 फेरे घेणारे पेट्रोलचे एंजिन घ्या. त्याचा एक फेरा 1/50 सेकंदात पुरा होतो. सिलिंडरचा व्यास 8 सेंटिमीटर आहे आणि ठिणगी बरोबर मध्यभागी पडते, असे धरू. ज्योतीला कडेपर्यंत 4 सेंटिमीटर जावे लागेल. पेट्रोल व हवा यांच्या स्तब्ध मिश्रणात, नेहमीच्या दाबाला, ज्योत सेकंदास सुमारे 40 सेंटिमीटर सरकते. म्हणजे हे अंतर तोडण्यास 1/10 सेकंद लागेल, आणि तेवढ्यात एंजिनाचे पाच फेरे होऊन जातील! उष्णता, दाब व जळालेल्या वायूचे फुगणे जमेस धरून हा वेग पाचपट मानला, तरी एक संपूर्ण फेरा खर्ची पडतो. प्रत्यक्षात मात्र ज्वलन फेऱ्याच्या सुमारे सहाव्या भागात उरकते. हा चमत्कार कशाने होतो?

त्याचे उत्तर हवेच्या खळबळीत आहे. ऑस्बर्न रेनल्ड्स या शास्त्रज्ञाने 1883 साली काचेच्या नळीतील पाण्यात रंगाची बारीक धार सोडून दाखविले की, वेग कमी असता धार सरळ रेषेत वाहते, आणि तो एका मर्यादेपलीकडे गेला की ती विस्कटून सगळीकडे मिसळते. वेग, रुंदी व चिकटपणा यांवरून काढलेला ‘रेनल्ड्स अंक’ नळीत दोन हजारांच्या थोडा वर गेला की हा पालट संभवतो. एंजिनाच्या झडपेच्या 8 मिलिमीटर फटीतून हवा सेकंदास 60 मीटर वेगाने आत घुसली, तर हा अंक तीस हजारांच्या घरात जातो. तेव्हा आत येणारी हवा शांत राहूच शकत नाही.

या खळबळीतील लहानमोठे भोवरे ज्योतीच्या पृष्ठभागाला चुण्या पाडतात. लांबलचक लुगडे निऱ्या घातल्यावर वीतभर जागेत मावते, त्याप्रमाणे थोड्या जागेत ज्योतीचा पुष्कळ पृष्ठभाग मावतो, आणि तितके मिश्रण एकाच वेळी पेट घेते.

हे नुसते अनुमान नव्हे. 1912 च्या सुमारास इंग्लंडात ड्यूगल्ड क्लार्क यांनी चालत्या एंजिनात आलेले मिश्रण लगेच न पेटविता दोनतीन वेळा दाबून व सैल सोडून मग पेटविले. मधल्या अवधीत खळबळ निवली होती. ज्वलन फारच मंदावले. त्याच काळात बर्ट्रम हॉपकिन्सन यांनी बंद पात्रात पंखा फिरवून उलट बाजू सिद्ध केली. त्यांचेच शिष्य हॅरी रिकार्डो यांनी पुढे हे ज्ञान सिलिंडरच्या माथ्याचा आकार ठरविण्यास वापरले.

यातली विशेष गोष्ट अशी की, दट्ट्याचा वेग वाढला की खळबळही जवळजवळ त्याच प्रमाणात वाढते. म्हणून तेच एंजिन 600 फेऱ्यांवरही चालते आणि 6,000 वरही. खळबळ ही अशी साथ देती ना, तर वेगवान एंजिने झालीच नसती.

परंतु चूल पेटविताना फुंकणी जपून वापरावी लागते. बेताची फुंकर ज्वाला वाढविते, दांडगी फुंकर ठिणगी विझविते. तीच गत येथे आहे. शिवाय हवेला भोवऱ्यासारखी गिरकी किंवा कोलांटी द्यावयाची तर तिची वाट वळवावी लागते, आणि वाट वळविली की हवा कमी आत येते. त्यातून प्रत्येक वेळची खळबळ निराळी. कोणतेही दोन स्फोट तंतोतंत सारखे नसतात. एखादा दुबळा झाला की तेल अर्धवट जळून धुराड्यावाटे बाहेर पडते. गाडीवाल्याचा पैसा जातो आणि रस्त्यावरच्या माणसाच्या छातीत विषारी वायू जातो.

म्हणून संशोधक या अदृश्य हवेला दृश्य करू पाहतात. पारदर्शक क्वार्ट्झच्या खिडकीतून ते आत लेसरचा प्रकाश सोडतात, हवेत सूक्ष्म कण मिसळतात, आणि लागोपाठ दोन छायाचित्रे घेऊन प्रत्येक कण किती सरकला ते मोजतात. मोठे भोवरे संगणकावर गणिताने उभे करतात, लहानांचा परिणाम अंदाजाने धरतात. खळबळीचे संपूर्ण गणित अद्याप कोणास सुटलेले नाही. तरी तिला योग्य वेळी, योग्य जागी आणि बेताची निर्माण करणे माणसाला पुष्कळसे साधले आहे. तेवढ्यानेही तेल वाचते आणि गावाची हवा थोडी स्वच्छ राहते, हे काही कमी नव्हे.