समुद्रकाठचे चार दिवस आणि दुकानाचा हिशेब

जलंब ते खामगाव हा लोहमार्ग १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत सुरू झाला. जेमतेम तेरा किलोमीटरांचा हा फाटा मुख्यतः कापसासाठी टाकला गेला होता. खामगावच्या बाजारातला कापूस त्यावरून जलंबला, तेथून मुंबईला आणि पुढे जहाजांतून इंग्लंडला जाई. बुलढाणा जिल्ह्याचा माल अशा रीतीने दीडशे वर्षांपूर्वीच समुद्रापार गेला. त्या मालाचा व्यापार करणाऱ्या घरांतील अनेक वडीलधाऱ्यांनी मात्र समुद्र पाहिला असेल तो मुंबईच्या खरेदीतून उरलेल्या तासाभरात. मुलांच्या ओळखीचे खारे पाणी म्हणजे लोणारचे सरोवर.

व्यापारी कुटुंबाचा प्रवास बहुधा तीन कारणांनी होतो: तीर्थयात्रा, लग्नकार्य आणि खरेदी. केवळ विसाव्यासाठी चार दिवस एका जागी राहणे हे चौथे कारण आपल्या घरांत फारसे रुजलेले नाही. त्यामागे तीन अडचणी सांगितल्या जातात. दुकान बंद ठेवता येत नाही, बाहेर आपल्या नियमांचे जेवण मिळत नाही, आणि निघालोच आहोत तर दहा ठिकाणे पाहून यावे असे वाटते. तिन्ही अडचणी खऱ्या आहेत. मात्र ज्या साधनांनी व्यापार चालतो, त्याच साधनांनी, म्हणजे हिशेबाने, पंचांगाने आणि विश्वासाने, त्या सुटतातही.

बोर्डीच का?

महाराष्ट्राच्या उत्तर टोकाला, पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात बोर्डी हे लहान गाव आहे. सुरूची झाडे, चिकूच्या वाड्या आणि उथळ, लांबवर पसरलेला किनारा एवढीच त्याची श्रीमंती. गुजरातची हद्द लगतच असल्याने शाकाहारी जेवणाची सवय या परिसराला आहे. शेजारच्या घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि हिवाळा हा त्याचा बहराचा काळ.

येथली शांतता आपोआप टिकलेली नाही. केंद्र सरकारने जून १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केला आणि उद्योगांवर मर्यादा आल्या. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ साली तालुक्यासाठी स्वतंत्र पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. त्याचे अध्यक्षपद न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी दीर्घकाळ सांभाळले. मुंबईपासून इतक्या जवळ असूनही हा किनारा इमारतींनी भरला नाही, यात या निर्बंधांचा मोठा वाटा आहे.

हे चित्र पुढेही असेच राहील असे नाही. डहाणूजवळ वाढवण येथे होऊ घातलेल्या बंदराला १९९८ साली याच प्राधिकरणाने नकार दिला होता. जुलै २०२३ मध्ये मात्र त्याने परवानगी दिली. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये सुमारे ७६ हजार कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर केला आणि ऑगस्टअखेर त्याचे भूमिपूजन झाले. व्यापाऱ्याच्या दृष्टीने मोठे बंदर ही स्वागताची गोष्ट ठरेल. मासेमारीवर जगणाऱ्या कुटुंबांचा त्याला विरोध आहे. निकाल कोणताही लागो, आजचे शांत डहाणू-बोर्डी ज्यांना नातवंडांना दाखवायचे आहे, त्यांनी हा बेत फार वर्षे पुढे ढकलू नये.

दुकान बंद राहिल्याचा खरा तोटा

दुकान चार दिवस बंद ठेवण्याचा विषय निघाला की मालक चार दिवसांची विक्री मोजतो आणि तेवढा तोटा झाला असे मानतो. हा हिशेब चुकीचा आहे. न विकला गेलेला माल फळीवरच असतो. बुडतो तो केवळ त्यावरचा नफा. उदाहरणादाखल, रोजची विक्री ४० हजार रुपये आणि नफ्याचे प्रमाण शेकडा १२ धरले, तर दिवसाचा नफा ४,८०० रुपये होतो. बांधलेल्या गिऱ्हाइकांपैकी निम्मी खरेदी पुढच्या आठवड्यात होणारच. म्हणजे खरा तोटा दिवसाला २,४०० आणि चार दिवसांचा ९,६०० रुपये. भाडे, पगार आणि व्याज दुकान उघडे असले तरी द्यावेच लागतात, म्हणून ते सहलीच्या खर्चात धरू नयेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून हे गणित एकदा कागदावर मांडावे. मनातल्या भीतीपेक्षा उत्तर बहुधा लहान येते.

दिवस निवडतानाही धंद्याचे वेळापत्रक पाहावे. चौमासी चौदसपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत चातुर्मास असतो आणि त्यातील बराच काळ समुद्रही खवळलेला असतो. तेव्हा तो काळ सहजच गळतो. किराणा आणि कापडाच्या व्यापाऱ्यांना संक्रांतीनंतरचे आणि लग्नसराई भरात येण्यापूर्वीचे दिवस सोयीचे. जिनिंग व कापूस खरेदीतील कुटुंबांचा जानेवारी हंगामात जातो. त्यांनी मार्चअखेरची धावपळ सुरू होण्यापूर्वीचा फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा धरावा. वस्तू व सेवा कराची मासिक विवरणपत्रे भरणाऱ्यांसाठी ११ आणि २० या तारखा महत्त्वाच्या. म्हणून २१ तारखेनंतरचे सोमवार ते शुक्रवार सर्वांत निर्धास्त. शनिवार-रविवार व प्रजासत्ताक दिनाची सुटी टाळली, तर मुंबईकरांची गर्दीही टळते.

जाण्याची वाट

शेगाव किंवा मलकापूरहून विदर्भ एक्स्प्रेससारख्या रात्रीच्या गाडीने सकाळी दादरला उतरावे. तेथून पश्चिम रेल्वेने डहाणू रोड गाठता येते. २०१३ पासून उपनगरी गाड्याही तेथवर जातात. घोलवड हे त्यापुढचे स्थानक असून बोर्डी तेथून तीन-चार किलोमीटरवर आहे. ज्येष्ठ मंडळी बरोबर असल्यास दादरला गाडी बदलण्यासाठी दोन तासांचा अवकाश ठेवावा आणि सकाळच्या गर्दीची वेळ टाळावी.

मोटारीने जाणाऱ्यांना मेहकर-सिंदखेडराजा भागातून समृद्धी महामार्ग मिळतो. जून २०२५ पासून तो भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला आहे. पुढे अहमदाबाद महामार्गाने डहाणूकडे वळता येते. एका दमात एवढे अंतर तोडण्याऐवजी नाशिकजवळ विल्होळीचे धर्मचक्र तीर्थ किंवा म्हसरूळचे गजपंथ येथे दर्शन घेऊन नाशकात रात्रीचा मुक्काम करावा.

तिथी, भरती आणि सूर्यास्त

समुद्राचे वेळापत्रक चंद्रावर चालते आणि जैन घरात तिथी रोजच पाहिली जाते. त्यामुळे भरतीची वेळ काढणे आपल्याला अवघड नाही. मुंबईपासून उत्तरेच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला पूर्ण भरती दुपारी व मध्यरात्री बाराच्या सुमारास येते आणि पुढे प्रत्येक तिथीला सरासरी ४८ मिनिटांनी, म्हणजे बरोबर दोन घटिकांनी, पुढे सरकते. नवकारशीचा काळही तेवढाच, म्हणून हा आकडा लक्षात ठेवणे सोपे. किनाऱ्यावरची जुनी माणसे हेच उत्तर पाऊणकीने काढतात: तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. उत्तर अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकते; फिरायला जाण्यासाठी तेवढे पुरते. पाण्यात उतरायचे असल्यास मात्र स्थानिक माणसाला विचारावेच.

या गणिताचा उपयोग दिवस ठरवताना होतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते. बोर्डीसारख्या उथळ किनाऱ्यावर तेव्हा सायंकाळच्या ओहोटीत पाणी फार दूर जाते. समुद्र पाहायला आलेल्या मुलांना समोर ओली वाळू दिसते. षष्ठी ते नवमीच्या दरम्यान भांगाची, म्हणजे सौम्य भरती असते आणि ती सायंकाळीच येते. पाणी पायांपाशी असताना सूर्यास्त पाहायला मिळतो. अष्टमीला हिरवी भाजी वर्ज्य असणाऱ्यांनी त्या दिवसाच्या डाळी-कडधान्याचा बेत आधीच सांगून ठेवावा.

आणखी एक बारीक गोष्ट. बोर्डी आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला सुमारे साडेतीन अंश रेखांशावर आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने तेथे सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही सुमारे पंधरा मिनिटे उशिरा होतात. घरच्या पंचांगातील वेळेवर नवकारशी पाळली, तर ती पंधरा मिनिटे लवकर सुटेल. चौविहारासाठी हाच फरक थोडी सवड देतो.

जेवण साडेपाचच्या सुमारास उरकून घ्यावे. इतर प्रवासी सूर्य बुडताच जेवणाच्या चिंतेने उठतात. आपल्या मंडळींना अंधार पडेपर्यंत निवांत बसता येते. रात्रभोजनाचा त्याग बाहेरगावी अडचणीचा ठरतो असे अनेकांना वाटते. समुद्रकाठी तो सोयीचाच ठरतो.

स्वयंपाकघर आणि निवास

खोली ठरवताना तीन प्रश्न फोनवर स्पष्ट विचारावेत. कांदा, लसूण, बटाटा व इतर कंदमुळांविना वेगळ्या भांड्यांत स्वयंपाक होईल का? सायंकाळचे जेवण पाच ते सहाच्या दरम्यान मिळेल का? उकळलेले पाणी दिवसातून दोनदा देता येईल का? तोंडी होकारावर न थांबता तोच मजकूर लेखी संदेशाने पाठवून उत्तर मागवावे. खाकरा, थेपले, सुखडी असा कोरडा नाश्ता आणि पाण्याचे गाळणे सोबत असावे. किनाऱ्यावर मांगेला व इतर मच्छीमारांची वस्ती आहे आणि मासळी सुकवणे हा त्यांचा पिढीजात उद्योग आहे. त्या वासाचा त्रास होणाऱ्यांनी वाडीतला, किनाऱ्यापासून थोडा आतला निवास निवडावा. नाक मुरडून त्यांच्या दारावरून जाऊ नये. भरतीबरोबर आलेले लहान खेकडे आणि जिवंत शंख मुलांनी उचलू नयेत, पायाखाली पाहून चालावे, हे निघण्यापूर्वीच समजावून सांगावे.

एका दिवसाला एकच ठिकाण

श्रावकाच्या बारा व्रतांत जाण्या-येण्याच्या दिशांची मर्यादा घालणारे दिग्व्रत आहे आणि ती मर्यादा दिवसापुरती आणखी आखडून घेणारे देशावकाशिक आहे. व्रत म्हणून नव्हे, तरी नियोजनाची युक्ती म्हणून ही शिस्त येथे उपयोगी पडते. चार रात्री एकाच खोलीत काढाव्यात आणि दिवसाला फार तर एक ठिकाण पाहावे.

त्यासाठी परिसरात पुरेसे आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ यांच्या साथीने तेथेच अंगणवाडीची कल्पना आकाराला आली. वारली चित्रकलेला जगासमोर नेणारे जिव्या सोमा मशे डहाणू तालुक्यातील गंजाडचे. उत्तरेला संजाण, जेथे पारशी समाजाचे पूर्वज उतरले असे मानले जाते, आणि त्यापुढे उदवाडा. तेथे १७४२ पासून त्यांचा पवित्र अग्नी आहे. अग्यारीत परधर्मीयांना प्रवेश नसतो; पण शांत गल्ल्यांतून चक्कर मारता येते. यांतले एखादे राहून गेले, तर राहू द्यावे.

गल्ल्याची किल्ली

बेतातला सर्वांत कठीण भाग शेवटी येतो. दुकान बंद न ठेवता मुलाकडे, सुनेकडे किंवा जुन्या मुनिमाकडे सोपवायचे असेल, तर निघण्यापूर्वी चार गोष्टी लिहून द्याव्यात: उधारीची कमाल मर्यादा, येणारे धनादेश व देणी, पुरवठादारांचे क्रमांक आणि कोणत्या प्रसंगी फोन करायचा. फोनची वेळही ठरवावी. दुपारी एकदा, दहा मिनिटे. उरलेल्या वेळी मालकाने विचारू नये आणि दुकानाने सांगू नये.

एका माणसावाचून चार दिवस न चालणारा धंदा हा कर्ज देणाऱ्याच्या दृष्टीने जोखमीचा असतो. ही जोखीम आजारपणात उघडी पडते, तेव्हा सावरायला वेळ नसतो. सहलीत उघडी पडली, तर परतल्यावर दुरुस्त करता येते. परतल्यावर पहिल्या दिवशी चुका शोधण्यापूर्वी त्या चार दिवसांत काय नीट चालले ते पाहावे आणि ज्याने ते चालवले त्याला तसे सांगावे. पुढच्या वर्षी किल्ली देताना हात कमी अडखळेल.