रक्तातील वंशावळ : डॉ. थंगराज यांचे संशोधन आणि आपण

वधू-वर परिचय मेळाव्याच्या अर्जात स्वतःचे गोत्र, मामाचे गोत्र, जन्मवेळ, उंची, शिक्षण आणि व्यवसाय असे सर्व रकाने असतात. रक्ताविषयी विचारलेच तर केवळ रक्तगट विचारला जातो. हैदराबादच्या एका शास्त्रज्ञाचे संशोधन वाचल्यावर हा अर्ज अपुरा आहे, असे मला प्रकर्षाने वाटले.

हे शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. कुमारसामी थंगराज. मद्रास विद्यापीठातून पीएच.डी. संपादन करून ते हैदराबादच्या ‘सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलेक्युलर बायोलॉजी’ या संस्थेत रुजू झाले. भारतात डीएनए तपासणीचा पाया घालणारे डॉ. लालजी सिंग यांचे मार्गदर्शन व सहकार्य त्यांना तेथे लाभले. २००५ साली अंदमानातील आदिवासींच्या प्राचीन मुळाविषयीचा त्यांचा निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि जगाचे लक्ष या कार्याकडे वेधले गेले.

२००९ साली हार्वर्ड येथील डॉ. डेव्हिड राईक यांच्यासह त्यांनी भारतातील २५ समूहांचा अभ्यास ‘नेचर’मध्ये मांडला. आज आपण स्वतःला उत्तरेचे म्हणवू वा दक्षिणेचे, बहुतेक भारतीयांच्या ठायी दोन प्राचीन वंशधारांचा संगम आहे, असे त्यातून दिसून आले. २०१३ च्या अभ्यासाने या संगमाचा काळ सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीचा ठरविला. त्यानंतर मात्र ज्ञातीबाहेरील विवाह विरळ होत गेले आणि प्रत्येक ज्ञातीची खतावणी स्वतंत्र झाली.

या स्वतंत्र खतावणीचा परिणाम काय होतो? आंध्र-तेलंगणातील वैश्य समाजाचे उदाहरण पाहावे. हा समाज आपल्यासारखाच व्यापारी असून त्याची संख्या ३० लाखांहून अधिक आहे. शस्त्रक्रियेपूर्वी स्नायू शिथिल करण्यासाठी सक्सिनिलकोलीन नावाचे औषध देतात. सामान्यतः रक्तातील एक विकर ते काही मिनिटांत निष्प्रभ करते. हे विकर ज्यांच्यात अत्यल्प असते, त्यांचे स्नायू दीर्घकाळ शिथिल राहतात आणि श्वासोच्छ्वास यंत्रावर चालवावा लागतो. वैश्य समाजात या न्यूनतेचे प्रमाण इतरांच्या सुमारे १०० पट आहे. म्हणून जाणते भूलतज्ज्ञ या समाजातील रुग्णास असे औषध देण्याचे टाळतात.

डॉ. थंगराज व सहकाऱ्यांनी २०१७ साली ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये याचे कारण विस्ताराने मांडले. दक्षिण आशियातील २६३ समूहांपैकी ८१ समूह इतक्या मोजक्या मूळ कुटुंबांतून वाढले आहेत, की याबाबतीत ते युरोपातील फिन व अश्केनाझी ज्यू यांच्याही पुढे आहेत. त्यांपैकी १४ समूहांची लोकसंख्या १० लाखांहून अधिक आहे. पेढीच्या शाखा शेकडो झाल्या, तरी मूळ भांडवल चार-दोन घरांचेच असावे, तसा हा प्रकार आहे.

येथे गोत्राचा प्रश्न उपस्थित होतो. गोत्र टाळल्याने जवळचे नाते टळते, ही पूर्वजांची दूरदृष्टी वंदनीय आहे. परंतु ज्ञातीचे मूळच मोजक्या कुटुंबांत असेल, तर भिन्न गोत्रांच्या वधू-वरांतही एकच सुप्त दोष असू शकतो. असा दोष बाळगणाऱ्यास ‘वाहक’ म्हणतात. तो स्वतः निरोगी असतो. मात्र पती-पत्नी दोघेही एकाच दोषाचे वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास तो आजार होण्याची शक्यता चारांत एक असते.

अश्केनाझी ज्यूंनी यावर मार्ग काढला. त्यांच्यातील कर्मठ कुटुंबांतही स्थळ पक्के करण्यापूर्वी रक्ततपासणीचे निकाल गुप्त क्रमांकांवरून जुळवून पाहिले जातात. कोणाचेही नाव उघड होत नाही आणि कोणाची नाचक्कीही होत नाही. टे-सॅक्स या प्राणघातक बालरोगाचे प्रमाण त्यांच्यात आता अत्यंत घटले आहे.

आपल्या समाजानेही थॅलेसेमियाच्या वाहक-तपासणीपासून प्रारंभ करावा. ती साध्या रक्ततपासणीने होते. निकाल गोपनीय राहावा, वैद्यकीय सल्ला मिळावा आणि वाहक मुलीला वा मुलाला कमी लेखले जाऊ नये, याची हमी समाजाच्या संस्थांनी द्यावी. तसेच घरात कोणास भुलीतून सावध होण्यास असाधारण विलंब झाला असेल, तर ते शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांस अवश्य सांगावे.

कर्ज देण्यापूर्वी आम्ही बँकेत कागदपत्रे बारकाईने तपासत असू. त्यात अविश्वास नसे, दोन्ही पक्षांचे हित असे. विवाहापूर्वीच्या या तपासणीकडेही त्याच दृष्टीने पाहावे, एवढीच विनंती.

जय जिनेंद्र!