पडद्यावरचा बेडूक



लोअर परळच्या गिरण्यांचे भोंगे बंद पडले. पण ज्या चाळी त्या भोंग्यांवर उठत असत, त्या चाळींतील मुलेमुली आज कॉलेजात प्राणिशास्त्र शिकतात. तेथेही यंत्र आले आहे, आणि यंत्राशी आम्हां कामगारांची ओळख जुनी आहे. म्हणून हा विषय आम्ही घेतला.

पूर्वी मेण ओतलेल्या ट्रेमध्ये बेडूक टाचण्यांनी ताणून बसवीत आणि कात्रीने उघडीत. २०११ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने असे विच्छेदन टप्प्याटप्प्याने थांबविण्यास सुचविले. २०१४ साली प्राणिशास्त्राच्या वर्गांतून ते पूर्ण बंद करण्यास विद्यापीठांना सांगितले. निर्णय योग्यच होता. एका प्रात्यक्षिकासाठी शेकडो जीव मारण्याचे कारण उरले नव्हते.

त्या ट्रेची जागा आता संगणकाने घेतली आहे. पडद्यावर कातडी, स्नायू, आतडी असा एकेक थर बाजूला सारता येतो आणि चूक झाली तर परत लावता येतो. बेडकाच्या हृदयाला तीन कप्पे असतात: वर दोन, खाली एक. वरच्या दोहोंतले रक्त खालच्या एकाच कप्प्यात कसे उतरते, हे मेलेल्या बेडकात दिसत नसे. पडद्यावरचे हृदय चालते, म्हणून ते दिसते. सरकारी पाठबळावर चालणाऱ्या 'व्हर्च्युअल लॅब्ज' या उपक्रमात असे प्रयोग फुकट पाहता येतात.

मग उणे कोठे आहे? पडद्यावरचा बेडूक हजार वेळा उघडला तरी तोच निघतो. निसर्गात मात्र दोन बेडूक सारखे नसतात. फरक ओळखणे हाच जीवशास्त्राचा पहिला धडा, आणि तो डोळ्याला व हाताला सराव झाल्यावाचून येत नाही. पडदा वाट दाखवील. चालण्याचे काम ज्याचे त्यालाच करावे लागते.

१९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी मोठा संप केला. दोन मागांवरच्या विणकराला तीन माग सांभाळावयास लावणे, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. भांडण यंत्राशी नव्हते. यंत्राने वाचलेले कष्ट कोणाच्या पदरात पडतात, याविषयी होते. तोच प्रश्न येथे आहे. संगणक आला म्हणून प्रयोगशाळेचे तास आणि मास्तर कमी केले, तर फायदा हिशेबाच्या वहीत जाईल आणि तोटा विद्यार्थ्याच्या वाट्याला येईल. २०२० च्या टाळेबंदीत कॉलेजे बंद होती, तेव्हा एका खोलीत चार माणसे आणि एकच फोन असलेल्या घरातला विद्यार्थी मागे पडला, हे आपण पाहिलेच आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. बेडूक पडद्यावर खुशाल पाहा. पण कांद्याचा पातळ पापुद्रा सोलून, काचपट्टीवर ठेवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पाळी प्रत्येकाला मिळू द्या. कांद्याला जीवहत्येचा दोष नाही, आणि तो परळच्या बाजारात मिळतो.